तुम्ही विचारलंत म्हणून: पोट्टे भांडत नाहीत का?

आजूबाजूच्या शाळांची मिळून केंद्राची मीटिंग असली की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्याकडं चार वर्गांचे पोट्टे एकत्र, निम्मे गावातले निम्मे बंजारा तांड्यावरचे, तरी एवढे मिळून कसे राहतात?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. भांडतात हो, रोज भांडतात! कालच पाटी थुंकीनं पुसली म्हणून मारामारी झाली.

यवतमाळ जिल्ह्यातली दोन शिक्षकांची शाळा आमची, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबात ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक, त्यात दुसरे सर अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरत बसलेले, म्हणून पहिली ते चौथी बहुतेक वेळ माझ्याच समोर. सुरुवातीला मी भिंतीवर रंगीत चार्ट लावला, आपण सारे एक वगैरे. आणि त्याच चार्टखाली तांड्यावरची पोरं खिचडी खायला वेगळी रांग करून बसायची. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं बसायला, तेच जास्त लागलं मला.

मग भाषण बंद केलं. वाढायचं काम रोज दोघांकडं, एक गावातला एक तांड्यावरचा, आणि वाढणाऱ्यानं सगळ्यात शेवटी जेवायचं. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे आपल्याला उरते की नाही ही धाकधूक असतेच, मग दोघं मिळून गंजात, म्हणजे पातेल्यात, खिचडी किती राहिली ते बघायचे आणि बघता बघता बोलायला लागले. (गटनायकाचा बिल्लाही देऊन पाहिला होता, पण बिल्ला लावला की पोट्टं लगेच ठाणेदार होते, ते मी आठवड्यात गुंडाळलं.)

एकदा पहिलीतली पोरगी रडताना "याडी" म्हणाली अन् अख्खा वर्ग हसला. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. मी फळ्यावर आई, माय, याडी असं एकाखाली एक लिहिलं आणि म्हटलं, आता गावातल्यांनी रोज एक शब्द तांड्यावरच्यांकडून शिकायचा. थोड्या दिवसांनी चौथीतला सगळ्यात दांडगा पोट्टा त्याच पोरीला विचारत होता, "याले काय म्हणतेत वं?" आणि तो चुकला की ती परत म्हणायला लावत होती!

खरी कसोटी दिवाळीनंतर, कापूस वेचणी सुरू झाली की. आधी मी नुसतं गैरहजर लिहून मोकळी व्हायची. आता ज्याचं घर जवळ तो सांगतो, "मॅडमजी, थे वावरात गेली, लहान्या भावाले सांभाळाले." आणि तिची टाटपट्टीवरची जागा रिकामी ठेवायची, हा नियम मी केला नाही, पोरांनीच केला. तिसरीतल्या एकीची जागा १७ दिवस रिकामी होती, मधल्या काळात कोणी तिथं सरकलं की बाकीचे ओरडायचे.

ती आली त्या दिवशी मी तिला वाचायला उभं केलं, चुकलंच माझं, पार विसरली होती. शेजारची हळूच एकेक शब्द सांगत होती, मला सगळं ऐकू येत होतं, मी ऐकलंच नाही. गणित मात्र दोघींचंही अजून कच्चं आहे.