मेलरोझ ते लिंडिसफार्न: कथबर्टच्या वाटेवर

मेलरोझच्या पडक्या मठापासून निघालं की वाट लगेच ईल्डनच्या डोंगरांवर चढते. पहिला दिवस, ओलं गवत, अंगात उत्साह. उतरताना उजवी टाच गरम लागत होती. तिथेच बूट काढायला हवा होता. मोजा भिजला की कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी घासली की तासाभरात आतला थर सुटतो. पण पुढच्या खांबावर कथबर्टच्या क्रुसाची खूण दिसली आणि मी चालत राहिलो.

ही वाट १९९६ साली आखली, सुमारे १०० किलोमीटरची, स्कॉटलंडमधून इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावर उतरणारी. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो संत कथबर्ट सातव्या शतकातला. ६५१ साली लिंडिसफार्नचे बिशप एडन वारले त्या रात्री तो डोंगरात मेंढरं राखत होता. देवदूत एक तेजस्वी आत्मा स्वर्गात नेताना त्याला दिसले आणि तो मेलरोझच्या मठात दाखल झाला. चढावर मी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ', पुन्हा पुन्हा म्हणत होतो. इथे ते वेगळंच लागतं, कारण दोन्ही बाजूंना खरोखरच मेंढरं चरत असतात.

डियर स्ट्रीट हा रोमन रस्ता सरळ होता, एवढंच आठवतं.

मोअरबॅटल ते कर्क येथॉम हे अंतर सुमारे ११ किलोमीटरचं. मध्ये वाइडओपन हिल, ३६८ मीटर, सगळ्या वाटेवरची सर्वांत उंच जागा. चढताना टाच बुटात वर-खाली होते, फोड तिथेच भरतो. माथ्यावर वारा इतका की उभं राहवेना. समोर चेव्हियटचे डोंगर पसरलेले, आणि माझं सगळं लक्ष रुपयाएवढ्या कातडीवर. प्रार्थना सुचेना. चीड येत होती, वाऱ्याची, कुंपणांवरच्या पायऱ्यांची, मागून शिट्टी वाजवत येऊन पुढे निघून गेलेल्या तरुणांची.

खाली उतरल्यावर एका शेतघराच्या फाटकाशी बसून बूट काढला. घरातून एक वयस्क बाई आल्या. पायाकडे पाहिलं, काही न विचारता आत गेल्या आणि कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. पाण्यात मूठभर मीठ. मी पाय मागे घेतला. येशू पाय धुऊ लागला तेव्हा पेत्रानेही आधी नकोच म्हटलं होतं, ते आठवलं. त्या म्हणाल्या, पाणी निवेल, लवकर बुडवा.

पुढचं त्यांनीच शांतपणे सांगितलं. सुई ज्योतीवर धरायची, गार होऊ द्यायची. फोडाच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं पाडायची, पाणी दाबून काढायचं. वरची कातडी कापायची नाही, तीच आतल्या मांसाचं पांघरूण. त्यावर न चिकटणारी पट्टी, मग टेप. टेपचे कोपरे गोल कापायचे, चौकोनी राहिले तर मोज्यात अडकून सुटतात. शेवटी त्यांनी लोकरीचे जाड मोजे दिले. पैसे घेतले नाहीत.

कथबर्ट रिपनच्या मठात पाहुण्यांची व्यवस्था बघायचा. हिवाळ्यातल्या एका सकाळी आलेल्या तरुणाचे पाय त्याने धुतले, थंडीने गारठलेले ते चोळून ऊब आणली आणि भाकर आणायला गेला. परत आला तर पाहुणा नाही, बाहेर बर्फात पावलांचे ठसेही नाहीत. जॅरोच्या मठातल्या बीड नावाच्या संन्याशाने हे लिहून ठेवलं आहे. लिंडिसफार्नजवळच्या फार्न बेटावर एकांतात राहू लागल्यावर स्वतः कथबर्ट चामड्याचे बूट महिनोन्‌महिने काढत नसे, ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी पाय धुण्यापुरतेच काढी, हेही बीडनेच लिहिलंय. गुडघे टेकून टेकून नडगी आणि पाऊल जुळतात तिथे जाड घट्टे पडले होते. अशा माणसाला बिशपपद नको होतं. नॉर्थम्ब्रियाचा राजा एक्गफ्रिथ स्वतः होडीने बेटावर गेला, तेव्हा कुठे तो तयार झाला. ६८५ च्या ईस्टरला यॉर्कमध्ये अभिषेक, आणि दोनच वर्षांत, २० मार्च ६८७ ला, त्याच फार्न बेटावर मृत्यू.

वूलर गाव, मग कथबर्टच्या नावाची गुहा. गुहेत गर्दी होती.

शेवटचा टप्पा वाळूतून, कारण लिंडिसफार्न ओहोटीतच किनाऱ्याला जोडलं जातं. छापील तक्त्यातल्या सुरक्षित वेळा मोटारींच्या रस्त्यासाठी असतात, वाळूतल्या वाटेसाठी नाहीत. पायी जाणाऱ्याने ओहोटी चालू असतानाच निघावं आणि पाणी पुरतं ओसरेपर्यंत बेट गाठावं. अंतर ५ किलोमीटर, पण दोन तास हाताशी ठेवावेत. वारा पाणी लवकर आत ढकलतो. खांबांची रांग सोडायची नाही. वाटेत उंच खांबांवर निवाऱ्याच्या खोल्या आहेत, भरतीत अडकलेल्यांसाठी. तिथवर चढायची वेळ आली तर कित्येक तास बसून राहावं लागतं.

बूट गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघालो. खारं पाणी टाचेला असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. लांबवर सील ओरडत होते, माणसांनी एकत्र सूर धरावा तसे. बीडच्या गोष्टीत कथबर्ट एका रात्री समुद्रात उभा राहून प्रार्थना करत राहिला, पहाटे बाहेर आला तेव्हा पाणमांजरांनी त्याच्या पावलांवर श्वास सोडून ती ऊबदार केली, अंगाच्या केसांनी पुसून घेतली. तो पावलापावलाने समुद्रात शिरलेला आणि मी ओहोटीची वेळ बघून, तरी पाणी तेच, असं वाटलं आणि बराच वेळ मी एक शब्दही बोललो नाही.

बेटाजवळ चिखल घोट्यापर्यंत होता. सेंट मेरीच्या चर्चमध्ये एल्मच्या लाकडात कोरलेले सहा संन्यासी कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन निघालेले आहेत. व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ मध्ये लिंडिसफार्नचा मठ सोडताना संन्याशांनी ती सोबत नेली आणि ९९५ मध्ये डरहॅमला ती स्थिरावली. दाराबाहेर बाटलीतल्या पाण्याने पाय धुतले, टेप बदलली, त्या बाईंचे मोजे घातले आणि आत गेलो.