वॉकरला लागलेला सराटा

गणपतीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी तिला चालवून आणायचं काम माझ्याकडे आलं. इंदूरच्या सुदामानगरात आमच्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे दोन फेऱ्या. घरी परतलो की फरशीवर वॉकर टिकटिक वाजायचा, कारण चारही पायांच्या रबरी बुडांत सराटे, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या एका रानवेलीची काटेरी फळं, रुतलेले असायचे. आई खुर्चीत टेकायची आणि मी वॉकर आडवा करून चिमट्याने एकेक काटा उपटायची. फेकायला गेले तर पुन्हा कोणाच्या तरी पायात जातील, म्हणून एका रिकाम्या करंड्यात टाकत गेले.

मी तेव्हा सहा-सात महिने घरीच तांब्या-पितळेचे दागिने करायला शिकत होते. मागच्या गॅलरीत एक लाकडी पाट, लहानशी ऐरण, कानशी आणि गॅसची टॉर्च, एवढाच संसार. करत काय होते, तर पिंपळपानं. ‘निसर्गातून प्रेरणा’ म्हटलं की सगळे पिंपळपान नाहीतर मोरपीसच करतात, मीही तेच करत होते. एके दिवशी करंडा उघडून सराटा भिंगाखाली धरला. हिरवं फळ पाच फाकांचं असतं आणि वाळलं की फाका सुट्या होतात. प्रत्येक फाकेला दोन लांब काटे, खाली दोन आखूड. हुबेहूब शिंगं उगारलेला बोकड. कानातले करायचे तर हेच, असं मी तिथेच ठरवलं.

चांदी महाग, म्हणून सराव तांब्यावर. जुन्या वायरीची सालं काढून तार घेतली. तांबं ठोकलं की ताठरतं, मग लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात सोडलं की पुन्हा मऊ पडतं. वर काळी पापडी येते, ती मी चिंचेच्या कोळाने काढते. पहिला सराटा जाड पत्र्याचे तुकडे एकावर एक झाळून, म्हणजे डाग देऊन जोडून, केला. दिसायला झकास, पण वजन सात ग्रॅम. तासाभरात कानाची पाळी ठणकायला लागली, आणि काटे इतके अणकुचीदार की पदराचे दोन धागे ओढले गेले.

तो घेऊन सराफ्यात गेले. एका बोळात वर माडीवर एक बंगाली कारागीर बसतात, अडलं की मी त्यांनाच विचारते. त्यांनी सराटा तळहातावर फिरवला आणि म्हणाले, “दीदी, ये गहना है कि हथियार?” त्यांचं हातातलं काम संपेपर्यंत थांबले. खाली दुकानांची शटरं पडली, रात्रीच्या खाऊगल्लीसाठी ओट्यांवर कढया चढल्या आणि भुट्ट्याच्या किसाचा वास जिन्याने वर आला. मग त्यांनी एक चांदीची तार चिमट्यात उभी धरली आणि खालच्या टोकाला ज्योत लावली. टोक लाल झालं, चकाकलं आणि आपोआप गोळा होऊन वर चढलं. तयार झाला मोहरीएवढा रवा. साचा नाही, काही नाही. वितळलेली चांदी स्वतःच गोल होते.

घरी आईला दाखवलं, तर ती म्हणाली, “अगं, हे नवं कुठे आहे? माझ्या आजीच्या हातात गोखरू होते.” गोखरू म्हणजे सराटाच, आणि त्याच नावाची कडी असतात, टोकं बोथट केलेली. मग तिची गाडी सुरू झाली: बोरमाळ, जोंधळी पोत, बकुळहार, जोडव्यांबरोबरची मासोळी, कोल्हापुरी साजातलं कारलं. मी हसले खरी, पण मनातून ओशाळले. अख्खं शेतशिवार आपल्या बायका अंगावर घालून हिंडल्या आणि मी मोबाईलवर परदेशी पानं शोधत होते. बोरमाळेचा मणी आतून पोकळ, लाखेने भरलेला. वजनाचं उत्तर तिथेच होतं.

दुसऱ्या खेपेला पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकल्या, तोंडाला तोंड लावून झाळल्या आणि काटे बसवायला पुन्हा टॉर्च लावली. फट्! एक वाटी उडून वॉशिंग मशीनखाली. आत कोंडलेली हवा तापून फुगली होती. पोकळ वस्तूला आधी बारीक भोक ठेवायचं असतं, हे पुन्हा माडीवर जाऊन ऐकून घेतलं. दुसरा वैताग असा की चौथा काटा झाळताना पहिला निखळून पडायचा. त्यावर उपाय निघाला गेरूचा. आधीच्या सांध्यावर गेरूचा लेप दिला की तिथला डाग, म्हणजे सांधा जोडणारा धातू, पुन्हा वितळून पसरत नाही. नव्या सांध्याला मात्र डाग नीट पसरावा म्हणून सुहागा, म्हणजे टाकणखार, लावायचा, आणि गेरूचा कणही तिथे जाता कामा नये. हे जमायला तीन रविवार गेले. त्यात एक सराटा पूर्ण वितळला, त्याचं मी काही सांगत नाही.

शेवटी चांदीत उतरले. काटे शुद्ध चांदीच्या तारेचे, वाट्या ९२५च्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. शुद्ध चांदीचा पत्रा फार मऊ, लगेच चेपतो. प्रत्येक काट्याच्या टोकाला रवा, रिठ्याच्या पाण्यात उकळी, आणि खाचांत काळपटपणा तसाच ठेवला, कारण वाळलेला सराटा चकचकीत कुठे असतो? एका कानाचं वजन भरलं अडीच ग्रॅम.

आईने टोकं बोटाने चाचपली. “टोचत नाही, मग सराटा कसला?” असं म्हणून तिने आधी कुड्या काढल्या आणि ते घातले. वॉकर आता माळ्यावर गेलाय. परवा रामबागेतल्या मावशीने विचारलं, हे कुठल्या फुलाचं डिझाइन गं? आई म्हणाली, “फूल नाही, माझ्या वॉकरचा काटा आहे.”