मायनर घरी आली: ट्रेलरवरचे ६४० किलोमीटर

गाडी काल रात्री पोचली. १९५९ची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी, दोन दारांची. अजून झोप पुरी झालेली नाही, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

जुने मालक अगदी मनापासून म्हणत होते, "इंजिन ठणठणीत आहे, चालवतच न्या." इंजिन खरंच ठणठणीत आहे. मला भीती होती ती पुढच्या ट्रनियनची. चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं, तो वर-खाली आट्यांच्या सांध्यांत बसवलेला असतो, तेच ट्रनियन. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एके दिवशी दांडा निसटून चाक आडवं पडतं. शेवटचं ग्रीस कधी भरलं ते मालकांना आठवेना. टायरवरचा शिक्का पाहिला तर ०९०७, म्हणजे २००७चा नववा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण बगलेला बारीक भेगा. ट्रेलरच आणायचा हे तिथेच ठरलं.

चढवताना इंजिन चालू केलं नाही. हाताच्या विंचने इंच इंच ओढली. एकजण स्टीअरिंगला, दुसरा लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी. गाडी साडेसातशे किलोच्या आसपास, त्यामुळे दमछाक फारशी झाली नाही.

खरी चूक पुढे झाली. गाडी ट्रेलरच्या बरोब्बर मधोमध दिसतेय म्हणून तिथेच बांधली. ताशी सत्तरच्या वर गेलो आणि उतारावर ट्रेलरचं शेपूट डोलायला लागलं. आधी हळू, मग आरशात मायनर डावी-उजवीकडे झुलताना दिसेपर्यंत. पोटात गोळा आला. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि स्टीअरिंगने सावरायलाही जायचं नाही. चाक सरळ धरून नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा. तसं केलं, डोलणं थांबलं, कडेला घेतली.

कारण साधं होतं: हुकावर पुरेसं वजनच नव्हतं. गाडी नजरेला मध्यभागी असून भागत नाही, तिचा भार ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे पडावा लागतो. पट्टे सोडून मायनर वीतभर पुढे घेतली. सोबत घरातला वजनकाटा होता (तो आणायचं सुचलं हे नशीब). ट्रेलर सोडवून त्याचं नाक काट्यावर टेकवलं, ८० किलो. ट्रेलर आणि गाडी मिळून साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे सुमारे सात टक्के, आणि ओढणाऱ्या गाडीच्या हुकाच्या मर्यादेतही. त्यानंतर शेवटपर्यंत ट्रेलर रेषेत चालला. तरी ऐंशीच्या वर गेलो नाही. हे वजन निघण्याआधीच करायला हवं होतं. पुढच्या वेळी कोणी मायनर, बीटल किंवा मिनी आणणार असाल तर पट्ट्यांच्या आधी काटा काढा. इंजिन मागे असलेली बीटल असेल तर भाराचं गणितच उलटं होतं.

पट्टे मी चारही टायरवरून घेतले. बॉडी किंवा चासी खाली ओढून बांधली की खड्ड्यात स्प्रिंग दबतात, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि पुढच्याच क्षणी हिसका बसतो. चाकं बांधली की गाडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी हलते. पहिल्या तीस किलोमीटरनंतर थांबून तपासलं तेव्हा चारही रॅचेट (पट्टा ताणायच्या दातेरी कळा) दोन-दोन दात आत गेले. नंतर प्रत्येक थांब्याला हात फिरवला, पण पुन्हा ओढावे लागले नाहीत.

कव्हर घातलं नाही. उघड्या ट्रेलरवर कापड फडफडून रंग घासतं, धूळ परवडली.

आज सकाळी पुढची चाकं उचलून वर-खाली हलवून पाहिली. डावीकडे खालच्या ट्रनियनला चांगलाच खेळ आहे. चालवत आणली असती तर सहाशे किलोमीटर या चाकावर काढावे लागले असते, या विचाराने हात थंड पडले.

मग बॅटरी जोडली. या गाडीचा धन ध्रुव बॉडीला असतो, दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना हे विसरलं तर नुकसान ठरलेलं. चावी फिरवल्यावर पेट्रोलचा विजेवर चालणारा एसयू पंप गप्प. पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केलं आणि तो टिकटिकायला लागला, आधी भराभर, मग कार्बोरेटर भरल्यावर शांत. दाराच्या खांबातून बाहेर येणाऱ्या सिग्नलच्या हातांपैकी डावा दिव्यासकट वर आला. उजवा अडकलाय. ट्रनियनचे सुटे भाग येईपर्यंत तोच उघडतो.