तुम्ही विचारलंत म्हणून: कम्युनिटी कॉलेजातून कम्युनिकेशनच्या पदवीकडे

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात, गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत, कुणाच्या तरी बारशात, नाहीतर मुलींच्या पोहण्याच्या क्लासबाहेरच्या बाकावर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरातल्या बारावीच्या मुलाला हव्या त्या विद्यापीठातून नकार आलेला असतो आणि त्याची आई जरा जवळ सरकून म्हणते, "तू आधी कम्युनिटी कॉलेजात होतीस ना गं? तिथून खरंच युनिव्हर्सिटीत जाता येतं? आणि कम्युनिकेशन म्हणजे नेमकं शिकवतात तरी काय?" ‘कम्युनिटी’ हा शब्द उच्चारताना तिचा आवाज हटकून खाली येतो, जणू मुलगा नापासच झाला आहे. उभ्या उभ्या दिलेले उत्तर दरवेळी अर्धवट राहते, म्हणून आज ते लिहून काढते.

जाता येते, आणि अगदी पुढच्या दाराने जाता येते. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन केला त्यातच ही वाट आखलेली आहे: शाळांमधल्या वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांना उघडे, जेथून दोन वर्षांनी या दोन्हींपैकी कुठेही तिसऱ्या वर्षाला जाता यावे. आज राज्यात अशी 116 कॉलेजे आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासाचे माप) 46 डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा एक विषय 138 डॉलरांत होतो. आमच्या घरच्या मखरावर एखाद्या वर्षी याहून जास्त खर्च झालेला आहे.

मी तिथे गेले ती मात्र कुठलाही आराखडा मनात धरून गेले नव्हते. नाशिकला एस.वाय.बी.कॉम.ला असताना लग्न ठरले, शिक्षण तिथेच थांबले, आणि ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी छत्तीस वर्षांची झाले होते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, नवरा घरी आल्यानंतर, जो एकमेव विषय जमत होता तो होता पब्लिक स्पीकिंग. मी मनातून खूश होते, कारण शाळेत वक्तृत्व स्पर्धेची ढाल मी दोनदा आणली होती. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर पाच मिनिटांचे भाषण मी लिहिले, आरशासमोर पाठ केले आणि "सन्माननीय व्यासपीठ" म्हणताना जो सूर लागायचा त्याच सुरात, इंग्रजीतून, एकही शब्द न अडखळता म्हणून दाखवले. गुण आले बहात्तर. शेरा असा होता: "भाषण उत्तम लिहिलेले आहे. पण तुम्ही ते भिंतीवरच्या घड्याळाला ऐकवलेत." तिथे अपेक्षित असते ती तयारी पूर्ण करून, हातात मोजक्या टिपणांचे एखादे कार्ड ठेवून, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत केलेली मांडणी, पाठांतराचे तिथे गुण जातात. दुसऱ्या भाषणाच्या वेळी मी तिसऱ्या रांगेतल्या मुलाच्या कपाळावरची आठी पाहिली, थांबले, आणि तेच वाक्य सोपे करून पुन्हा सांगितले. समोरचा माणूस आपले वाक्य बदलायला लावतो, हा त्या विषयाचा पहिला धडा मला त्या आठीने शिकवला.

कम्युनिकेशनमध्ये काय शिकवतात, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे. पुण्यात कम्युनिकेशन म्हटले की रानडे इन्स्टिट्यूट आठवते, म्हणजे पत्रकारिता, आणि मुंबईत मास मीडियाचा अभ्यासक्रम. अमेरिकेत कम्युनिकेशन स्टडीज हा वेगळाच वंश आहे. 1914 मध्ये भाषण शिकवणारे सतरा अध्यापक इंग्रजीच्या अध्यापकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. तिचेच आजचे रूप म्हणजे नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. म्हणून या विषयाच्या एका टोकाला ॲरिस्टॉटलचे वक्तृत्वशास्त्र बसते आणि दुसऱ्या टोकाला सर्वेक्षणे आणि संख्याशास्त्र. मधल्या भागात वाद-प्रतिवाद, दोन माणसांमधला संवाद, छोट्या गटांचे निर्णय, दोन संस्कृतींमधले गैरसमज असे विषय येतात. बातमी लिहिणे आणि कॅमेरा धरणे हे सहसा दुसऱ्या विभागाकडे असते.

हा फरक मला उशिरा कळला आणि त्याची किंमत मोजावी लागली. एका काउन्सेलरने पंधरा मिनिटांच्या भेटीत, "कम्युनिकेशनच करायचं ना?" असे विचारून मला माध्यमे आणि समाज, वृत्तलेखन आणि व्हिडिओ निर्मिती हे तीन विषय घ्यायला लावले. विषय चांगले होते, पण मला ज्या पदवीकडे जायचे होते तिच्या मुख्य यादीत त्यांतला एकही बसत नव्हता. नऊ युनिटे निव्वळ ऐच्छिक खात्यात जमा झाली. त्यात गणिताच्या धास्तीने संख्याशास्त्र मी पुढे ढकलत राहिले होते, हा दोष मात्र पूर्णपणे माझा. स्टेट युनिव्हर्सिटीत फॉलला, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्राला, प्रवेश हवा असेल तर लेखन, भाषण, तर्कविचार आणि गणित या चार गोष्टी आदल्या स्प्रिंगच्या, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या सत्रापर्यंत किमान सी-मायनस मिळवून पूर्ण झालेल्या असाव्या लागतात. त्या स्प्रिंगला संख्याशास्त्राचे सगळे वर्ग भरलेले होते. माझे एक वर्ष गेले.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की मुलाला उलटीकडून सुरुवात करायला लावा. आधी कुठे जायचे ती दोन-तीन विद्यापीठे आणि तिथला नेमका विभाग ठरवावा, मग असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर आपल्या कॉलेजचा कोणता विषय तिथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जातो ते क्रमांकासकट पाहावे, आणि तो कागद हातात घेऊनच काउन्सेलरकडे जावे. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी 2010 च्या कायद्याने असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या विद्यापीठात जाण्यासाठीची कॉलेजातली पदवी, आली, आणि कम्युनिकेशन स्टडीजसाठी ती उपलब्ध आहे: इथे 60 युनिटे, तिथे आणखी 60, आणि त्या व्यवस्थेत कुठेतरी जागा मिळण्याची हमी. ‘कुठेतरी’ हा शब्द मात्र नीट ऐकावा, कारण आवडीच्या कॅम्पसची हमी त्यात नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ठरलेल्या अटी पाळल्यास नेमक्या त्या कॅम्पसची हमी देतात, काही विषय वगळून. ज्यांची नावे आया आधी घेतात ती बर्कली आणि लॉस एंजेलिस या यादीत नाहीत.

मी सॅन होजे स्टेटला, म्हणजे स्टेट युनिव्हर्सिटीच्याच एका कॅम्पसला गेले. पहिला निबंध होता कॅम्पसमधल्या पुतळ्यावर. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 200 मीटरच्या पदकसमारंभात वंशभेदाच्या निषेधार्थ काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते, त्यांचाच तो पुतळा. मी आठ पाने इतिहास लिहिला आणि सी-प्लस मिळवला. समासात एकच प्रश्न होता: "हे झालं काय घडलं ते, पुतळा काय करतो?" कॉलेजात सगळीकडे ए मिळवलेली मी त्या संध्याकाळी गाडीत बसून रडले. ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या सत्रात गुण घसरण्याला इंग्रजीत ‘ट्रान्सफर शॉक’ असे नावच आहे आणि ते 1965 पासून चालत आले आहे, हे नंतर कळले. आधी कळते तर रडणे थोडे कमी झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी पुतळ्यासमोर तासभर बसले. विजयमंचावर दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे. त्या शर्यतीत दुसरा आलेला धावपटू पीटर नॉर्मन याचीच तशी इच्छा होती, की पाहणाऱ्याला तिथे उभे राहता यावे. एक बाप आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या पायरीवर चढवून फोटो काढत होता. मुलाने आधी मूठ वर केली, मग बाजूच्या दोघांकडे मान वर करून पाहिले आणि हळूच हात खाली घेतला. दुरुस्त केलेला निबंध मी त्या हातावर लिहिला.

परवा गणपतीत अशाच एका आईने मुलालाच माझ्यासमोर आणून उभे केले. त्याने युनिटे, फी, गुण यांतले काहीच विचारले नाही. "काकू, सगळ्यांसमोर उभं राहून बोलावंच लागतं का?" एवढेच त्याला हवे होते. मी म्हटले, पूर्वी फक्त स्टेट युनिव्हर्सिटीला जाणाऱ्यांना लागायचे, पण 2025 च्या फॉलपासून दोन्हीकडच्या ट्रान्सफरसाठी सामान्य शिक्षणाची एकच यादी झाली आहे आणि तोंडी भाषण तिच्यात आहे. त्याने आईकडे पाहिले. मग मी त्याला सांगितले की पहिले भाषण बहुधा स्वतःबद्दलचे असते, दोन-तीन मिनिटांचे, आणि ते पाठ मात्र करू नकोस.