गणपतीआधी रंग

"भिंत हाताला कोरडी लागते, मग रंग का नको?" चिपळूणच्या काकूंनी विचारलं. गणपती तोंडावर आलेत, त्यांची घाई कळते.

पण २२ जुलै २०२१ला घरात शिरलेलं वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी भिंतीतल्या जांभ्याच्या चिऱ्याने (लाल सच्छिद्र दगडाने) आतपर्यंत शोषलंय. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबा, नाहीतर पोपडे येणारच. पोकळ वाजणारा गिलावा पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत पाडा, मग पंखा लावा. त्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या, आत गाळ असतो.

काकू प्लास्टिकमागचे थेंब बघत राहिल्या. "मग नुसता चुना मारला तर?"

चालेल काकू. चुन्यातून ओल बाहेर पडते.