आमची वाटचाल: आठ माइक आणि एक सुतळी

स्टुडिओ सुरू केला तेव्हा आम्ही दोघे भागीदार, एक खोली आणि आठ इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र. इनपुट आठ आहेत ना, मग ड्रमला माइकही आठ, इतका सरळ हिशोब. किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (कडक आवाजाचा मुख्य ड्रम) वर-खाली दोन, टॉमना (बाकीचे गोल आवाजाचे ड्रम) तीन, ओव्हरहेड (सगळ्या किटवर टांगलेले) दोन.

पहिलं मोठं काम आलं. बँड वाजवून गेला, रात्री मिक्सला बसलो तर स्नेअरचा जीवच गेलेला. ट्रॅक एकेकटे ऐकले की खणखणीत, सगळे एकत्र उघडले की पत्र्याचा डबा. दोन दिवस ईक्यू, म्हणजे आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करायची बटणं, पिळत बसलो. शेवटी बँडला परत बोलावून सगळं फुकटात पुन्हा रेकॉर्ड करून दिलं.

दोष माइकचा नव्हता, अंतराचा होता. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. एक ओव्हरहेड दुसऱ्यापेक्षा स्नेअरपासून वीतभर जरी जास्त लांब असला, तरी तोच ठोका दोन्हीकडे मागेपुढे पोचतो आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. त्यात स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) उलटी करायची राहिली होती. काठी पडली की हेड (ड्रमचा ताणलेला पडदा) वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालच्याकडे येतं, म्हणजे दोन्ही सिग्नल एकमेकांच्या विरुद्ध. नुसतं एक बटण दाबायचं होतं!

मग चार माइकवर आलो. इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या पद्धतीने एक ओव्हरहेड किटच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभा असलेला मोठा टॉम) बाजूने, दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून नेमके सारख्या अंतरावर. शिवाय किक आणि स्नेअर. अंतर मोजायला सुतळी. बरेच महिने दुसरं काही लावलंच नाही, आणि ऐकायला तेव्हाच शिकलो. किकचा माइक आत बीटरजवळ (पॅडलचा आपटणारा गोळा) नेला की टकटक वाढते, पुढच्या भोकाशी आणला की दम येतो. हे कॅटलॉग वाचून कळलं नसतं.

खरेदी नंतर हळूहळू झाली. स्नेअरवर आजही शुअर कंपनीचा एसएम 57 माइक असतो. 1965 पासूनचं मॉडेल, काठी लागली तरी कुरकुर नाही. टॉमचे माइक परत आले, पण फिल्स (तालाच्या मध्ये भरलेले ठोक्यांचे तुकडे) भरपूर असतील तरच. ड्रमर ट्यूनिंग करून घेईपर्यंत आम्ही स्टँडला हात लावत नाही, यावरून एकदोघे रुसलेही.

हाय-हॅटसाठी (पायाने मिटणारी झांजांची जोडी) चांगला कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाज टिपणारा माइक, घेतलाय. ती ओव्हरहेडमध्येच इतकी येते की तो बहुतेक वेळा खोक्यातच असतो. भागीदार अजून टोमणे मारतो.