पंच्याहत्तरीचं ब्रेड पुडिंग

ब्रेड पुडिंगला पैसे द्यायला लोक फार कुरकुरतात. चीजकेक म्हटलं की मुकाट्याने ॲडव्हान्स येतो, पण पुडिंग म्हटलं की "अहो ताई, ब्रेडच तर आहे ना" हे ठरलेलं. मी पूर्वी हॉटेलच्या पेस्ट्री किचनमध्ये होते, आता लोकांच्या घरी जाऊन छोट्या पार्ट्यांचं जेवण आणि गोडाचं करते. हॉटेलात तर गंमतच असते, सकाळच्या बुफेला जे क्रोसाँ, डॅनिश, ब्रेडचे लोफ किचनमध्येच उरतात (टेबलावर गेलेलं नाही हां, ते परत येत नाही) त्यांचंच दुपारच्या बुफेला ब्रेड अँड बटर पुडिंग होतं, वर छान सोनेरी, बाजूला गरम व्हॅनिला सॉसचं भांडं, आणि सकाळी ज्यांनी तो क्रोसाँ बघून नाक मुरडलेलं असतं तेच दुपारी दोनदा वाढून घेतात. शेफ लोक त्याला फूड कॉस्ट कंट्रोल म्हणतात आणि मीटिंगमध्ये त्यावर भाषण देतात. आपल्याकडे आजी फोडणीची पोळी करायची, तिला कुणी प्रमोशन दिलं नाही.

तर ही ऑर्डर पुण्यातलीच. एका काकांची पंच्याहत्तरी. काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, त्या काळातले, म्हणजे एकदा बोटीवर चढले की कधीकधी वर्षभर घरी नाही. फोन केला त्यांच्या मुलीने. म्हणाली बाबांना एकच गोष्ट हवीये, बोटीवर त्यांचा गोवेकर कुक रविवारी ब्रेड पुडिंग करायचा, वर गरम गोड सॉस ओतून, तसं करून द्याल का, आई बाकी सगळं जेवण करणार आहे, तुम्ही फक्त गोडाचं बघा. मी काकांशीच बोलते म्हटलं, कारण "तसं" म्हणजे कसं हे मुलांना कधीच माहीत नसतं.

काका फोनवर इतके खुलले की विचारू नका. बोटीवर ब्रेड रोज भाजला जायचा, उरलेला कुक साठवायचा, मध्येच समुद्रात कुठलं दुकान आणि कुठली बेकरी, टाकणं हा प्रकारच नाही. त्यात बेदाणे, जायफळ, आणि सॉस पिवळा, पातळ, ओतता येईल असा, त्यात कुक थोडी रम घालायचा. "घट्ट नको हं, हल्ली ते चॉकलेटी कॅरमल घालतात तसलं नको," असं दोनदा बजावलं. मला फार बरं वाटलं, कारण मलाही ते कॅरमल आवडत नाही. रीलवाल्यांनी प्रत्येक गोष्टीवर कॅरमल ओतून ठेवलंय.

माणसं अठ्ठावीस, त्यातली आठ अंडं न खाणारी, काकूंच्या माहेरची. ओव्हन म्हणजे त्यांच्या घरचा ओटीजी, त्यात एका वेळी एकच ट्रे मावतो. म्हणून मी आदल्या संध्याकाळी जाऊन तयारी केली. बेकरीला आधीच सांगून स्लाइस न केलेले मिल्क ब्रेडचे लोफ आणले होते. हे महत्त्वाचं आहे म्हणून सांगते, दुकानातला पिशवीतला मऊ सँडविच ब्रेड पुडिंगला घेऊ नका, तो शिळाच होत नाही, चार दिवसांनीही तसाच लिबलिबीत, आणि दूध लागलं की लगदा. बेकरीचा ब्रेड एका रात्रीत कडक होतो. लोकांना वाटतं तो नुसता वाळतो, पण तसं नाहीये, भाजताना फुललेला स्टार्च थंड झाल्यावर परत आवळून बसतो, म्हणून प्लास्टिकमध्ये बांधलेला ब्रेडसुद्धा शिळा होतो, आणि फ्रिजमध्ये तर जास्तच लवकर. मी कडा काढल्या, इंचभराचे चौकोन केले, तीन ताटांत पसरले, वर मलमलचं कापड, डायनिंग टेबलावर ठेवून आले. कडांचा ढीग एका डब्यात, त्या मला नको होत्या, म्हटलं काकू बघतील काय करायचं ते. काकू तिथेच बसून वाटाणे सोलत होत्या. "हे असंच ठेवायचं का?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं हो, उद्यापर्यंत छान कडक होऊ दे. त्या काही बोलल्या नाहीत.

सकाळी गेले तर तिन्ही ताटं घासून पालथी घातलेली. ब्रेड नाही!

मला आधी वाटलं आत उचलून ठेवला असेल. काकू शांतपणे म्हणाल्या, "तो गाईला घातला. देवळाबाहेर असते ना ती. अगं दगड झाला होता, शिळं कसं घालायचं पाहुण्यांच्या पानात? ताजा आण ना, पैसे मी देते." मुलगी मागे उभी राहून मला हातवारे करत होती की आईला काही बोलू नका. काका फिरायला गेले होते. साडेनऊ वाजले होते आणि जेवण साडेबाराला.

रागवायला वेळ नव्हता. खाली पळत जाऊन बेकरीतून ब्रेड आणला, तो इतका ताजा की पिशवीच्या आतून घाम आलेला. ताजा ब्रेड कस्टर्डमध्ये, म्हणजे दूध-अंड्याच्या मिश्रणात, टाकला तर काय होतं, तर बाहेरून पटकन विरघळतो आणि आत कोरडाच राहतो, मग खाताना वरचा भाग खिरीसारखा आणि मधे गोळे. म्हणून चौकोन करून ओटीजीत एकशे चाळीसवर एका थरात वाळवायला घातले, दार बोटभर उघडं ठेवून, म्हणजे वाफ बाहेर पडते, दर पाच मिनिटांनी हलवायचं. घरगुती ओटीजीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका हेही सांगते, मी स्वतःचा छोटा ओव्हन थर्मामीटर बरोबर नेते आणि आजवर एकाही घरात आकडा जुळलेला नाही. इथे एकशे चाळीस म्हणजे चक्क एकशे सत्तर होते. तीन घाण्यांत ब्रेड वाळला, रंग न येता, नुसता कुरकुरीत.

पण आता ओटीजीचा वेळ संपत आला. पुडिंगच्या एका ट्रेला पाण्याच्या ट्रेत ठेवून पाऊण तास तरी लागतो. पाणी कशाला, तर पाण्याचं तापमान शंभरच्या वर जात नाही, त्यामुळे कडेचं अंडं आधी घट्ट होऊन फाटत नाही. तीन ट्रे एकामागून एक म्हणजे दीड वाजणार. मी गॅसकडे बघत उभी होते तेवढ्यात काकूंनी न विचारता माळ्यावरून मोदकपात्र काढलं, भलंमोठं, पितळी, एकवीस मोदकांच्या दोन घाण्या एकदम उकडतील असं. "यात होईल का गं तुझं?" म्हणाल्या. होणार नाही कसं! एक ट्रे त्यात गेला, वर फॉइल दोनदा घट्ट बांधून, कारण झाकणाचं पाणी ठिबकलं की पुडिंगवर खड्डे पडतात. काकूंनी स्वतःच झाकणाला फडकं गुंडाळलं, मोदकाला करतात तसं. आच किती हे मला सांगावं लागलं नाही, पाणी गदगदायला लागायच्या आत त्यांनी गॅस बारीक केला. इतकं सफाईदार काम हॉटेलात माझ्या हाताखालच्या पोरांकडून करून घ्यायला मला किती ओरडावं लागायचं.

प्रमाण सांगते, लिटरभर दुधाला सात अंडी, दीडशे ग्रॅम साखर, चारशे ग्रॅम ब्रेड, लोणी सढळ, अर्धं जायफळ किसून, आणि तासगावचे बेदाणे आधी कोमट पाण्यात फुगवून (काकांच्या वाटणीचे रममध्ये). दूध गरम करून अंड्यांवर हळूहळू ओतायचं, गाळायचं, ब्रेडवर घालून निदान वीस मिनिटं मुरू द्यायचं, वरून ताटलीने दाबून. ही वीस मिनिटं कुणीच देत नाही आणि मग म्हणतात पुडिंग बसलं नाही.

बिनअंड्याचा ट्रे कस्टर्ड पावडरचा. ज्या कस्टर्ड पावडरला आपण पोरांचं फ्रूट सॅलड समजतो ती मुळात अंड्याला पर्याय म्हणूनच निघाली, 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. त्यात कॉर्नफ्लॉवर असतं. आणि इथेच खरी कसरत, कारण शेगडीवर दोन सॉस शेजारीशेजारी होते, एक अंड्याचा, एक पावडरचा, दोघांचे नियम उलटे. पावडरचा सॉस खदखदून उकळला नाही तर कच्च्या पिठाची चव राहते आणि तो नंतर पातळ पडतो. अंड्याचा सॉस ब्याऐंशीच्या आसपास उतरवायचा, उकळी फुटली की संपलं, दूध नासल्यासारख्या गुठळ्या. डाव्या हाताने एक ढवळतेय, उजव्या हाताने दुसरा, थर्मामीटर तोंडात धरायचा बाकी होता. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहिली पाहिजे, तेव्हा लगेच गाळून थंड भांड्यात. अंड्याचा सॉस इतका सुंदर उतरला की मी दोन मिनिटं नुसती बघत राहिले, मऊ पिवळा, चकचकीत, ओतला की दोरीसारखा पडणारा. त्यात जायफळ आणि शेवटी रम. रम आधी घातली की वास उडून जातो.

साडेबाराचं जेवण एक वाजता सुरू झालं, पुण्यात ते वेळेवरच धरायचं.

पुडिंग उत्तम झालं होतं. हे मला टोचतं खरं तर. ओव्हनमध्ये वाळवलेल्या ताज्या ब्रेडचं पुडिंग रात्रभर शिळ्या केलेल्या ब्रेडपेक्षा हलकं झालं, आतपर्यंत एकसारखं मुरलेलं, म्हणजे मी इतकी वर्षं ज्याचा आग्रह धरत आले त्याच्यावाचून काही अडलं नाही. मोदकपात्रातल्या ट्रेला रंग नव्हता म्हणून वर साखर भुरभुरून ओटीजीच्या वरच्या कॉइलखाली चार मिनिटं धरला, कुणाला फरक कळला नाही. काकांनी पहिला घास खाल्ला, मग सॉसचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं आणि बोटीवरचं सांगत बसले, कुठल्या बंदरात कोण भेटला, कुक खलाशांवर कसा खेकसायचा, इंजिन रूममधून वर येऊन गरम सॉस ओतलेलं पुडिंग कसं खायचे. सगळे ऐकत होते. काकू वाढत होत्या. त्यांनी पुडिंग घेतलं नाही, मला गोड चालत नाही म्हणाल्या, आणि मुलगी म्हणाली, आई, तू काल दोन पेढे खाल्लेस.

मी भांडी आवरत होते तेव्हा मुलगी किचनमध्ये येऊन सॉरी म्हणाली, आईचं शिळ्याचं फार आहे हो, लहानपणापासून बघतेय. मीही मान डोलावली. खरंच आहे ते, आपल्याकडे शिळं खात नाहीत असं नाही, कुस्करा, फोडणीचा भात, सगळं आवडीने खातो, पण ते घरच्यांसाठी, बहुतेक वेळा घरच्या बाईसाठी आणि स्वयंपाकघरातच. पाहुण्याच्या पानात शिळं म्हणजे अपमान. मी स्वतःच्या आईला बोटीवरच्या पुडिंगची गोष्ट सांगितली असती तर तिनेही गाईच शोधली असती. इतपत मला पटलं होतं आणि मी पैसे घेऊन निघणार होते.

तर ओट्यावर कडांचा डबा दिसला. रिकामा. शेजारी मिक्सरचं भांडं, त्यात तळाशी थोडा चुरा. सुरुवातीला सगळ्यांना जे बीट-बटाट्याचे कटलेट दिले होते, लोकांनी मागून मागून खाल्ले, त्यांना बाहेरून लावलेला तो कुरकुरीत चुरा माझ्याच कडांचा होता. त्याच लोफच्या, त्याच रात्री तशाच वाळलेल्या. म्हणजे कडा शिळ्या चालल्या, पाहुण्यांच्याच पानात गेल्या, माहेरच्या माणसांच्यासुद्धा. फक्त पुडिंगचा ब्रेड गाईला.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. कडांचं त्यांच्या लक्षात आलं नाही असं होऊ शकतं, कटलेटला चुरा लावायची हाताला सवय असते, त्याला कुणी शिळं म्हणत नाही. पण मग मोदकपात्र का काढलं, इतकी मदत का केली? मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला तू जास्त विचार करतेस, म्हातारी माणसं अशीच असतात. पण त्या बाईने कितीतरी रविवार एकटीने घर सांभाळलं, सासू-सासरे, पोरीची शाळा, गॅसचे नंबर, आणि तिकडे दूर कुठेतरी नवऱ्याच्या बशीत गरम सॉस ओतला जात होता, आणि पंच्याहत्तरीला तिने सगळा स्वयंपाक केला तरी नवऱ्याने मागितलं काय, तर ते. मी तिच्या जागी असते तर मोदकपात्र काढलं असतं की नाही, सांगता येत नाही. मुलीला हे बोलले नाही, ते माझं काम नाही.

बिल पूर्ण मिळालं, नव्या ब्रेडचे पैसे काकूंनी वेगळे हातात ठेवले, सुटे मोजून. आणि गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, मुलीचा नाही. नातवाच्या वाढदिवसाला पुन्हा पुडिंग करायचंय, "तोच पिवळा सॉस, पण रम नको, आणि मलाही दाखव कसा करतेस, ब्याऐंशी की काय ते." मी हो म्हटलं. ब्रेड या वेळी माझ्या घरूनच वाळवून नेणारे.